टेक्सासचा मेळा: जमीन कुणाची, फाटक कुणाचं

सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार उजाडला की डॅलसच्या फेअर पार्कची फाटकं उघडतात आणि पुढचे २४ दिवस त्या २७७ एकरांत तळणीचा वास भरून राहतो. वीस लाखांवर माणसं येऊन जातात. सकाळी आत शिरलेला माणूस एका हातात काडीवर तळलेला कॉर्नी डॉग धरून गुरांच्या गोठ्यांतून हिंडतो, लोण्याचं शिल्प बघतो, कूपनं संपली की पुन्हा रांगेत उभा राहतो आणि दिवे लागल्यावर २१२ फुटी आकाशपाळण्यात बसतो. दिवस पुरत नाही. पण २०२४ साली टेक्सासच्या या ‘स्टेट फेअर’ची चर्चा झाली ती खाण्यावरून नाही, बंदुकीवरून. आणि त्या वादानं जो प्रश्न वर काढला तो मेळ्याइतकाच जुना आहे: हे फाटक कुणाचं?

झालं असं. १४ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी मेळ्यातल्या खाण्याच्या दालनात गोळीबार झाला, तिघं जखमी झाले. दालन गच्च भरलेलं होतं. लोक पोरांना उचलून धावले. त्याआधी परवानाधारकाला आत बंदूक नेता येत असे. ऑगस्ट २०२४ मध्ये आयोजकांनी नियम बदलला आणि पोलिसांखेरीज कुणीही बंदूक आणायची नाही असं जाहीर केलं. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे सरकारच्या मुख्य वकिलांनी, लगेच हरकत घेतली. जमीन शहराची, म्हणजे सरकारी आहे आणि सरकारी जागेवर परवानाधारकाला अडवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शहराचं उत्तर होतं की बंदी आम्ही घातलीच नाही. जागा भाड्यानं घेणाऱ्या खासगी संस्थेनं ती घातली आहे आणि भाडेकरूला आपल्या मांडवात कुणाला घ्यायचं ते ठरवायचा हक्क आहे.

गंमतीची नव्हे, गंभीर बाब अशी की याच ॲटर्नी जनरलच्या कार्यालयानं २०१६ मध्ये जवळजवळ शहरासारखंच मत दिलं होतं. शहराच्या जमिनीवर ना-नफा संस्था स्वतःच्या अखत्यारीत काही चालवत असेल आणि बंदीत शहराचा हात नसेल, तर बंदी चालते, असं ते मत. २०२४ च्या वादात ते मागे घेण्यात आलं. मग दावा लागला, खालच्या कोर्टानं मनाईहुकूम नाकारला, अपिलातही तेच झालं आणि मेळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, २६ सप्टेंबरला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेप केला नाही. दुसऱ्या दिवशी बंदी लागू ठेवूनच फाटकं उघडली. माझ्या मते आयोजकांचा निर्णय बरोबर होता. लेकरं पाळण्यात बसवायच्या जागी कमरेला बंदूक कशासाठी हवी? पण कायद्याचा मुद्दा एवढ्या सोप्या उत्तरानं मिटत नाही, कारण गुंता नावातच आहे.

‘स्टेट फेअर’ म्हटलं की राज्य सरकारचा मेळा असं वाटतं. काही ठिकाणी ते खरंही आहे. सिरॅक्यूजला १८४१ मध्ये भरलेला न्यूयॉर्कचा मेळा अशा मेळ्यांत पहिला मानतात आणि तो आज राज्य सरकारच चालवतं. टेक्सासात मात्र ‘स्टेट’ हे नुसतं नाव आहे. जमीन आणि इमारती डॅलस शहराच्या, मेळा एका खासगी ना-नफा संस्थेचा, आणि नाव राज्याचं. तिकिटाचे पैसे संस्थेकडे जातात, दुकानदारांच्या विक्रीतला वाटाही तिलाच मिळतो. बाहेरून येणाऱ्या माणसाला हे तीन थर दिसत नाहीत.

आपल्याकडचा शब्द लावायचा तर तोही नीट बसत नाही. जत्रा म्हणावं तर देव नाही. प्रदर्शन म्हणावं तर एवढी गर्दी प्रदर्शनाला कशी येईल? जवळचं उदाहरण शोधायचं तर नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावचं सापडतं. तिथे खंडोबाच्या यात्रेला घोडे-गाढवांचा बाजार भरतो, जनावरांना बक्षिसं मिळतात आणि तमाशाचे फडही लागतात. माळेगावातून खंडोबा वगळला तर जे उरेल, त्याच्या आसपास अमेरिकेतला मेळा येतो. पण देव वगळल्यावर यात्रा कुणाची, हा प्रश्न तिथेही उभा राहिलाच असता.

डॅलसमध्ये तो पहिल्याच वर्षी उभा राहिला. १८८६ साली जागेवरून भांडण होऊन एकाच शहरात, एकाच आठवड्यात दोन मेळे भरले. पूर्व डॅलसची ८० एकर जमीन एका गटानं निवडली होती. शेतीची अवजारं विकणाऱ्या व्यापाऱ्यांना ती पटेना, कारण तिथली माती काळी आणि चिकट, पाऊस पडला की डुकरं लोळायची जागा. मराठवाड्यातल्या किंवा वऱ्हाडातल्या माणसाला ही माती वेगळी सांगावी लागणार नाही. ओली झाली की पायाला मणामणाची चिकटते आणि वाळली की हातभर भेगा पडतात. कापूसही तिथे त्याच कारणानं पिकतो. नाराज गटानं उत्तरेकडे आपला वेगळा मेळा मांडला. गर्दी दोन्हीकडे झाली, पैसे दोघांचेही बुडाले आणि पुढच्या वर्षी दोन्ही एक झाले. चिकट मातीची जागाच शेवटी टिकली. आजचं फेअर पार्क तेच.

मेळ्याची कमाई तेव्हा घोड्यांच्या शर्यतींवर होती. १९०३ मध्ये विधिमंडळानं शर्यतींवरच्या जुगाराला बंदी घातली आणि आयोजकांचा कणाच मोडला. १९०४ मध्ये त्यांनी सगळी मालमत्ता शहराला विकली, अट एकच: दर शरद ऋतूत मेळ्यासाठी जागा राखून ठेवायची. दिवाळखोरी टाळायला केलेला हा व्यवहार. त्यातूनच मालक शहर आणि यजमान संस्था अशी विभागणी झाली, ती १२० वर्षांनी बंदुकीच्या दाव्यात कोर्टापुढे आली.

मधल्या काळात या विभागणीचा सगळ्यात जास्त त्रास कुणाला झाला, हे मेळ्याच्या आठवणींत अनेकदा एका ओळीत उरकलं जातं. माझ्या दृष्टीनं खरी पार्श्वभूमी तीच आहे.

१८८९ पासून कृष्णवर्णीयांसाठी मेळ्यात एक वेगळा दिवस असे. १९१० च्या सुमारास तो बंद पडला आणि १९३६ मध्ये पुन्हा सुरू झाला. टेक्सास मेक्सिकोपासून स्वतंत्र झाल्याची शताब्दी म्हणून फेअर पार्कात त्या वर्षी मोठं प्रदर्शन भरलं, साठ लाखांवर लोक आले. आज तिथे फिरताना ज्या आर्ट डेको इमारतींचे लोक फोटो काढतात, त्यातल्या बऱ्याच त्याच वेळच्या. त्या इमारतींत एक दालन कृष्णवर्णीयांच्या जीवनाविषयी आणि कर्तृत्वाविषयी होतं. केंद्र सरकारनं दिलेल्या एक लाख डॉलरांतून ते उभं राहिलं आणि १९ जून १९३६ रोजी, म्हणजे टेक्सासातल्या गुलामांच्या मुक्तीच्या स्मरणदिनी, उघडलं. चार लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिलं, त्यात गोरे प्रेक्षक बहुसंख्य होते. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनाआधी ते पाडून टाकलं. बाकीच्या देखण्या इमारती राहिल्या. आतल्या चार भित्तिचित्रांपैकी दोनच वाचली. त्यातलं एक सॅन फ्रान्सिस्कोत आहे, एक वॉशिंग्टनमध्ये.

राखीव दिवस मात्र चालू राहिला. १९५३ मध्ये रोजचा प्रवेश खुला झाला, पण आत गेल्यावर काही पाळण्यांत बसता येत नसे आणि खानावळीत वाढलं जात नसे. म्हणजे तिकीट तेवढंच द्यायचं, आणि मेळ्याला माणूस ज्या दोन गोष्टींसाठी जातो त्याच नाकारल्या जायच्या. १९५५ मध्ये याच राखीव दिवशी कृष्णवर्णीय तरुण मुलामुलींनी फाटकावर निदर्शनं केली. वेगळ्या वागणुकीच्या पाळण्यासाठी स्वाभिमान विकू नका, अशा अर्थाचे फलक त्यांच्या हातात होते. आपल्याच माणसांनी आपल्याच दिवशी आत जाऊ नये असं सांगणं किती अवघड गेलं असेल! वर्षातून एकदा मिळणारी मौज सोडायची होती. राखीव दिवस १९६१ मध्ये बंद झाला, तरी भेदभाव पूर्ण संपायला साठचं दशक सरत आलं.

तेवढ्यात वाद फाटकाच्या बाहेर पोचला. १९६६ मध्ये शहरासाठी केलेल्या एका अहवालानं निदान मांडलं की फेअर पार्कला येताना गोऱ्या लोकांना भोवतालची गरीब कृष्णवर्णीय वस्ती बघून अवघडल्यासारखं होतं. उपाय म्हणून ती वस्ती नजरेआड करायची. जमीन घ्यायची, घरं पाडायची, वाहनतळ करायचा. शहरानं सक्तीच्या संपादनाचा अधिकार वापरून तसं केलं. मोबदला गोऱ्या मालकांच्या तुलनेत कमी मिळतो, अशी घरमालकांची तक्रार होती. १९६९ सरताना त्यांनी नववर्षदिनी दूरचित्रवाणीवरून देशभर दिसणारी, कॉटन बोल या फुटबॉल सामन्याची मिरवणूक अडवण्याचा इशारा दिला, तेव्हा कुठे महापौर त्यांना भेटले. तरी घरं गेलीच.

खाण्याचा इतिहास याच्यासमोर हलका वाटतो, पण दिवसभर हिंडणाऱ्याच्या हातात तोच असतो. कॉर्नी डॉग म्हणजे काडीला टोचलेलं सॉसेज मक्याच्या पिठात घोळवून तळलेलं, वर पिवळी मोहरीची चटणी. तंबूत नाटकं करणाऱ्या दोन भावांनी तो १९३८ ते १९४२ च्या दरम्यान या मेळ्यात आणला. बरेच जण १९४२ हेच साल सांगतात, पण युद्धामुळे १९४२ ते १९४५ मेळा भरलाच नव्हता, त्यामुळे आधीचं साल धरणं बरं. पहिला कोण हा वाद तरीही मिटत नाही. ऑरेगनच्या किनाऱ्यावर याच सुमारास ‘प्रोंटो पप’ निघाला आणि १९४७ पासून मिनेसोटाच्या मेळ्यात लोक त्याचीच शपथ घेतात. शिवाय बफेलो शहरातल्या एका माणसानं काडीला टोचलेले पदार्थ पिठात बुडवून तळायच्या यंत्रासाठी १९२७ मध्येच पेटंटचा अर्ज केला होता. पिठात घोळवून तळणं ही कुणा एकाची युक्ती नव्हेच. आपल्या गावच्या भज्यांचा शोध कुणी लावला हे कोण सांगणार? काडीची गोष्ट वेगळी आहे. काडीमुळे एक हात मोकळा राहतो आणि चालता चालता खाता येतं. मेळ्याला तेच हवं होतं.

तळणीचा आजचा अतिरेक अगदी अलीकडचा. २००५ मध्ये आयोजकांनी दुकानदारांची नव्या पदार्थांची स्पर्धा सुरू केली. २००६ मध्ये तळलेला कोका-कोला आला: कोकची चव दिलेल्या पिठाचे गोळे तळायचे, वर कोकचं सरबत, घुसळलेली साय आणि चेरी. २००९ ला तळलेलं लोणी, २०१० ला तळलेली बिअर. तोवर लोक गुरं, अवजारं, मोटारी आणि फुटबॉल बघायला येत आणि भूक लागली की खात. आता अनेक जण पदार्थांची यादी करून येतात आणि वाटेत गुरं बघतात. बक्षिसाच्या वासराला वर्षभर पाजून-न्हाऊन आणलेल्या शेतकऱ्याच्या पोराकडे त्यामुळे थोडं दुर्लक्ष होतं, याचं मला वाईट वाटतं. गोठ्यांकडे सकाळी जावं. पोरं तेव्हा जनावरं घासत असतात आणि विचारलं तर भरभरून बोलतात.

चुकामूक झाली तर भेटायची जागा बिग टेक्स नावाच्या उंच पुतळ्याच्या पायाशी. तो मूळचा सांताक्लॉज. केरेन्स नावाच्या गावानं १९४९ मध्ये नाताळच्या गिऱ्हाइकासाठी उभारला, मेळ्यानं ७५० डॉलरला घेतला आणि १९५२ मध्ये ५२ फुटी काउबॉय करून उभा केला. १९ ऑक्टोबर २०१२ रोजी भर मेळ्यात तो जळाला. पुढच्या वर्षी ५५ फुटांचा नवा आला.

फेअर पार्कात १९९३ पासून आफ्रिकी-अमेरिकी कला आणि इतिहासाचं एक संग्रहालय आहे, १९३६ चं ते पाडलेलं दालन जिथे होतं तिथेच. मेळ्याच्या गर्दीत ते बहुधा निवांत असतं. आणि ज्या वाहनतळांवर मेळ्याला येणारे गाड्या लावतात, त्यातल्या बऱ्याच जागी १९६० च्या दशकापर्यंत घरं होती.