पार्श्वभूमी : गणिताच्या चर्चेतला सहभाग आणि 'इतर' नावाचा रकाना

गणिताच्या तासाला चर्चा झाली, तर तीत आपण काय केलं याचा विचार मुलांनी स्वतः करावा, हा आग्रह सध्याच्या प्रशिक्षणांत पुन्हा जोरात आहे. नव्या समग्र प्रगती पत्रकात (जुन्या प्रगतिपुस्तकाचं नवं रूप) मुलाने स्वतःबद्दल भरायचा भाग आहे, सोबत्याने भरायचा भाग आहे. ते बघून हे सगळं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून आलं, असं बऱ्याच शिक्षकांना वाटतं. तसं नाही. महाराष्ट्रातल्या पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी स्वयंमूल्यमापन २०१० पासून कागदावर आहे. इतकी वर्षं ते कुठे होतं आणि दिसलं का नाही, हे समजून घेतलं तर आजचा गोंधळ बराच उलगडतो.

फार मागे जायची गरज नाही, पण एक गोष्ट नोंदवून पुढे जाऊ. पंतोजींच्या शाळेत गणित तोंडीच होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे घोकून पाठ, एकजण सांगणार आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणणार. आवाज भरपूर, पण त्यात एकट्या मुलाचं म्हणणं असं काही नसायचं. त्या परंपरेचा एक अवशेष अजून टिकून आहे. गणिताच्या बाबतीत 'तोंडी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झटपट प्रश्न आणि झटपट उत्तर येतं. सात आठा किती? छप्पन्न. बस खाली. कारण सांगणं, दुसऱ्याचं कारण खोडणं, आपलं म्हणणं बदलणं हे त्या 'तोंडी'त कधी बसलंच नाही.

वर्गातल्या बोलण्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून बघायला सुरुवात झाली ती १९६०-७० च्या दशकांत, इंग्लंड-अमेरिकेत. ध्वनिमुद्रणं करून ती ऐकल्यावर लक्षात आलं की बहुतेक तास एकाच चालीवर चालतात : शिक्षक विचारतो, मूल उत्तर देतं, शिक्षक बरोबर-चूक सांगतो आणि पुढच्याकडे वळतो. विज्ञानाच्या तासांच्या अशाच अभ्यासात दिसलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं, तरी उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. पुढे १९८९ आणि १९९१ मध्ये अमेरिकेतल्या गणित-शिक्षकांच्या संघटनेने जे मानदंड मांडले, त्यांत वर्गातला गणिती संवाद हे गणित शिकण्याचंच अंग मानलं गेलं. मुलांनी स्वतःच्या शिकण्याकडे बघण्याचा धागा मात्र वेगळ्या बाजूने आला. १९९८ मध्ये लंडनच्या दोन संशोधकांनी आकारिक मूल्यमापनावरच्या, म्हणजे शिकणं चालू असतानाच होणाऱ्या मूल्यमापनावरच्या, शेकडो अभ्यासांचा आढावा घेतला आणि मुलाने स्वतःचं मूल्यमापन करणं ही त्यातली वगळता न येणारी गोष्ट ठरवली.

त्याच सुमारास चर्चेत असलेला आणखी एक जुना प्रयोग आहे, तो पुढच्या भांडणासाठी लक्षात ठेवायला हवा. १९८८ मध्ये इस्रायलमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला कामावर फक्त शेरा, दुसऱ्याला फक्त गुण, तिसऱ्याला दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्या गटात. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुणवाल्यांच्याच रांगेत राहिली. गुण दिसला की शेरा वाचलाच जात नाही, हे प्रगतिपुस्तक घरी नेणाऱ्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे वळण आलं ते २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने. त्याच्या सोबत गणित-अध्यापनावरचा एक स्वतंत्र निबंध होता. गणिताच्या दुखण्याचं निदान करताना त्याने एक शब्दप्रयोग वापरला, जो माझ्या मते त्या अख्ख्या दस्तऐवजातला सर्वांत नेमका आहे. अभ्यासक्रम थोड्या हुशार मुलांची तर निराशा करतोच, पण 'सहभागी न होणाऱ्या बहुसंख्य' मुलांचीही करतो, असं त्यात म्हटलं होतं. बहुसंख्य मुलं गणिताच्या तासाला हजर असतात, सहभागी नसतात, हे सरकारी कागदावर इतक्या उघडपणे आलं होतं. गणित ही आपसांत बोलायची, चर्चा करायची, मिळून करायची गोष्ट आहे असं मुलांना वाटावं, ही अपेक्षाही त्याच निबंधात आहे.

मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २९ मध्ये दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत : मुलाला भीती आणि दडपणातून मोकळं करून मत मांडायला मदत करणं, आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. महाराष्ट्राने त्याची अंमलबजावणी केली २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने. त्या जीआरवर आजही शिक्षक एकमेकांशी वाद घालतात. माझ्या मते वादाची खरी जागा तिथेच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

जीआरने मूल्यमापनाचे दोन भाग केले, आकारिक आणि सत्राच्या शेवटी होणारं संकलित. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के, तिसरी-चौथीला ६०, पाचवी-सहावीला ५०, सातवी-आठवीला ४०. आकारिकसाठी आठ साधनतंत्रं दिली : दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि आठवं 'इतर'. गटचर्चा दुसऱ्यात, तोंडीकामात, होती. स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन आठव्यात होतं, प्रश्नावली वगैरेंच्या सोबत. म्हणजे चर्चा एका खणात आणि त्या चर्चेतल्या स्वतःच्या वागण्याचा विचार दुसऱ्या खणात. वर, गणितासारख्या विषयाला आठपैकी किमान पाच तंत्रं वापरली की भागत होतं. गणिताच्या शिक्षकाने तोंडीकाम, कृती, प्रकल्प, चाचणी आणि स्वाध्याय घेतले की पाच पूर्ण. 'इतर'पर्यंत जायची वेळच येत नव्हती.

हे झालं रचनेबद्दल. त्याहून गंभीर निर्णय गुणांचा होता. ही साधनतंत्रं नुसती निरीक्षणाची साधनं ठेवली नाहीत, त्यांची बेरीज करून गुण आणि गुणांवरून श्रेणी काढायची होती. पाचवीच्या गणिताला आकारिकचे ५० गुण, ते पाच तंत्रांत वाटायचे. समजा तोंडीकामाला १०. आता चर्चेत कोण कसं सहभागी झालं, याचं उत्तर दहापैकी एका आकड्यात आलं पाहिजे. ज्याने कुणी हिंमत करून मुलांकडून स्वयंमूल्यमापन भरून घेतलं, त्याच्या हाती काय आलं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. 'मी चर्चेत आनंदाने भाग घेतो.' चाळीसच्या चाळीस मुलांचं हेच. मुलांचा यात काही दोष नाही. ज्या कागदावर गुण आहेत, त्या कागदावर कुणी 'आज मला काही कळत नव्हतं म्हणून मी फळ्याकडे बघत नुसता बसलो' असं लिहीत नाही.

या निर्णयाच्या बाजूनेही बोलणारे आहेत आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. २०१० पूर्वी गणितात बोलण्याला कागदावर जागाच नव्हती. गुण ठेवले नसते, तर शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी नोंदी मागितल्या नसत्या, आणि नोंदी मागितल्या नसत्या, तर दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींनी गटचर्चेला तास दिला नसता. आपल्या व्यवस्थेत जे मोजलं जात नाही ते होत नाही, असा हा युक्तिवाद. मान्य. पण मोजणी सुरू झाल्यावर झालं काय? प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदी होत्या : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. वर्षभरात त्यांच्या तयार याद्या आल्या, आधी झेरॉक्सच्या, मग पीडीएफच्या. 'संख्यांची तुलना अचूक करतो.' 'पाढे पाठ आहेत.' 'गटकार्यात सहभाग घेतो.' ज्या चर्चेचा विचार मुलाने करायचा, तिच्याबद्दलचं वाक्य तिसऱ्याच कुणीतरी, तिसऱ्याच तालुक्यात लिहिलेलं.

त्या नोंदीत काय निसटतं, ते एका साध्या प्रश्नावर बघता येतं. सहावीच्या वर्गात ३/४ आणि ५/६ यांतला मोठा अपूर्णांक कोणता, असं विचारलं. हमखास एक हात वर येतो : दोन्ही सारखेच, कारण दोन्हींत एकच तुकडा कमी आहे. हे उत्तर चुकीचं असलं, तरी त्यामागे विचार आहे. दुसरा म्हणतो, छेद समान करा, ९/१२ आणि १०/१२. उत्तर बरोबर, पण पहिल्याच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. मग कुणीतरी विचारतं, की कमी असलेला तुकडा दोन्हीकडे तेवढाच आहे का? चौथा भाग मोठा की सहावा? इथे पहिला मुलगा गप्प होतो आणि डोक्यात त्याचं गणित उलटतं. तिसऱ्या बाकावरची मुलगी या सगळ्यात एक शब्द बोललेली नाही, पण तिने समासात दोन पट्ट्या काढून एकीचे चार आणि दुसरीचे सहा भाग केलेत.

या वर्गात सहभाग कुणाचा? नोंदवहीप्रमाणे हात वर करणाऱ्या तिघांचा. मुलांना तासाच्या शेवटी 'आज तू चर्चेत बोललास का?' असं विचारलं, तर उत्तरंही तीच येतील. 'कुणाचं कारण ऐकून तुझं मत बदललं?' किंवा 'मनात आलं पण बोलली नाहीस, असं काही होतं का?' असं विचारलं, तर पहिला मुलगा आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी दोघंही लिहू शकतात. ऐकणं हाही सहभाग आहे, हे मुलांना पटायला असे प्रश्न लागतात. आणि त्यांच्या उत्तरांना गुण देता येत नाहीत, ही त्यांची अडचण नसून अट आहे.

२०१० नंतरची वाटचाल वेगाने सांगता येते. २०१२-१५ च्या काळात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (एका विस्तार अधिकाऱ्याखालच्या शाळांच्या गटातल्या) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जाऊ लागल्या. ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं हा विचार, हा शब्द घरोघरी नाही, तरी शाळोशाळी पोहोचला. मुलं गोलात बसली, फरशीवर संख्यारेषा रंगल्या, गटात बोलणं वाढलं. पण २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या निर्णयाने भाषा-गणिताच्या पायाभूत आणि संकलित चाचण्याही आणल्या, आणि वर्ग 'प्रगत' ठरायला टक्के लागले. बोलणं रंगीत फरशीवर राहिलं, निकाल चाचणीतून लागला. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस', 'बावीस'सोबत 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा विधिमंडळापर्यंत खडाजंगी झाली. वर्गात संख्या मोठ्याने म्हणताना लहान मूल का अडखळतं, हा मुद्दा त्या आरडाओरड्यात कुणी फारसा ऐकला नाही.

दहावीतल्या एका घटनेने या सगळ्यावर सावली टाकली. भाषांचे (तोंडी परीक्षेचे) आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण शाळा खिरापतीसारखे वाटतात, या कारणाने ते बंद केले गेले. २०१८ मध्ये ८९.४१ टक्के असलेला निकाल २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला, अकरावीच्या प्रवेशात इतर मंडळांची मुलं पुढे जातील म्हणून पालक खवळले, आणि काही महिन्यांतच गुण परत आले. गणिताला या वादाची झळ थेट लागली नाही, त्याचे २० अंतर्गत गुण मुळात तोंडी परीक्षेचे नव्हतेच. पण तोंडी कामाचा गुण म्हणजे फुकटचा गुण, ही समजूत पक्की झाली. २०२१ मध्ये लेखी परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर लागलेला निकाल ९९.९५ टक्के आला, तेव्हा त्या समजुतीला आणखी एक पुरावा मिळाला.

२०२० च्या धोरणाने प्रगतिपत्रक ३६० अंशी असावं, त्यात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन असावं, असं म्हटलं. २०१० मध्ये 'इतर'मध्ये टाकलेलं आता पहिल्या पानांवर आलं. ही सुधारणा आहे, हे मान्य करायला हरकत नाही. मात्र डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीसाठी उत्तीर्ण व्हावं लागणारी वार्षिक परीक्षाही परत आणली. एकाच वर्गाच्या भिंतीवर आता दोन वेळापत्रकं आहेत.

राहता राहिला गणिताचा तास. नव्या पत्रकातले मुलाने भरायचे प्रश्न सगळ्या विषयांना चालतील असे आहेत : कृती आवडली का, अवघड गेली का, मदत लागली का. कुणाच्या कारणाने माझं कारण बदललं, हा प्रश्न त्यात आपोआप येत नाही, तो शिक्षकाला स्वतः घालावा लागतो. त्यासाठी तासिकेची शेवटची चार-पाच मिनिटं लागतात, आणि ३५ मिनिटांच्या तासिकेत नेमकी तीच मिनिटं सध्या फळ्यावर गृहपाठ लिहून देण्यात जातात.