डुनेडिनचे काळे उंदीर आणि ल्युपसचा शोध : एक पार्श्वभूमी

ल्युपस, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, झालेली रुग्ण डॉक्टरांसमोर येते तेव्हा तिचा आजार सुरू होऊन बहुधा काही वर्षे लोटलेली असतात. अमेरिकी सैन्यदलातील १३० ल्युपस रुग्णांचे आजारापूर्वी साठवलेले रक्तनमुने तपासून २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीपासूनच स्वतःच्या शरीराविरुद्ध काम करणारी प्रतिपिंडे होती आणि काहींच्या रक्तात तर ती नऊ वर्षांहून अधिक काळ आधी दिसू लागली होती. सांधे सुजणे, चेहऱ्यावर चट्टे उमटणे किंवा लघवीतून प्रथिने जाणे ही या आजाराची नंतरची पायरी असते. पहिली पायरी, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटण्याचा क्षण, माणसात जवळजवळ कधीच पाहायला मिळत नाही. ल्युपस, आमवात आणि त्यांच्या जातकुळीच्या इतर संधिवाती आजारांच्या अभ्यासात उंदराला इतके महत्त्व आले ते या अडचणीमुळे. प्रयोगशाळेतील उंदीर साधारण दोन वर्षे जगतो आणि एकाच अंतःप्रजनित वाणातील सर्व उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ सारखे असतात, त्यामुळे कोणत्या वाणात कोणता आजार कोणत्या महिन्यात उद्भवणार याचा अंदाज बांधून जन्मापासून त्याचा माग घेता येतो.

तरीही हा मार्ग कोणी ठरवून आखलेला नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख यांनी शेळ्यांना दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचून पाहिले, तेव्हा त्या परक्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे बनवत, पण स्वतःच्या रक्तपेशींविरुद्ध बनवत नसत. यावरून शरीर स्वतःवर घाला घालणे टाळते, असे तत्त्व त्यांनी मांडले. एर्लिख यांचे म्हणणे पुढच्या पिढ्यांनी वाजवीपेक्षा ताठर अर्थाने घेतले आणि स्वयंप्रतिकार रोग असू शकतात ही कल्पनाच काही दशके मागे पडली. १९५६ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांना सशांच्याच थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्या थायरॉइडला दाह निर्माण करून दाखवला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये हाशिमोटो आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे सापडली. त्यानंतर वारे फिरले. मात्र सशांमधला आजार हा मुद्दाम टोचून घडवलेला होता. कोणी काही न टोचता, आपोआप असा आजार होणारा प्राणी तोवर कोणाच्या हाती लागला नव्हता.

तो न्यूझीलंडमध्ये सापडला. डुनेडिन येथील ओटागो विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत कर्करोगाच्या संशोधनासाठी उंदीर पाळले जात असत आणि त्या उंदरांचे पूर्वज १९३० च्या सुमारास लंडनहून आणलेले होते. मारियान बील्शोव्स्की यांनी त्यांच्यातून रंगानुसार वेगवेगळे वाण तयार केले आणि सख्ख्या भावाबहिणींचे पिढ्यान्‌पिढ्या मीलन घडवून ते स्थिर केले. त्यांपैकी काळ्या रंगाचा वाण ‘न्यूझीलंड ब्लॅक’, म्हणजेच एनझेडबी, या नावाने पुढे जगभर गेला. १९५९ मध्ये बील्शोव्स्की, हेल्यर आणि हाऊई यांनी या वाणाविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. हे उंदीर वाढत्या वयाबरोबर रक्तक्षयाने आजारी पडत होते, त्यांची प्लीहा वाढत होती आणि कूम्ब्स चाचणीत त्यांच्या तांबड्या पेशींवर त्यांचीच प्रतिपिंडे चिकटलेली दिसत होती. कर्करोगासाठी वाढवलेल्या उंदरांत, कोणताही प्रयोग न करता, स्वयंप्रतिकार रोग उभा राहिला होता.

त्यानंतर चार वर्षांनी हेल्यर आणि हाऊई यांनी या काळ्या उंदरांचा ‘न्यूझीलंड व्हाइट’, म्हणजे एनझेडडब्ल्यू या पांढऱ्या वाणाशी संकर केल्याचे प्रसिद्ध केले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत फलदायी घटना हीच आहे. पांढरा वाण वरकरणी निरोगी होता. संकरित पिलांना मात्र मूत्रपिंडाचा प्राणघातक दाह झाला आणि मेयो क्लिनिकमध्ये १९४८ मध्ये ओळखल्या गेलेल्या, त्या काळी ल्युपसची खूण मानल्या जाणाऱ्या ‘एलई पेशी’ त्यांच्यात आढळल्या. पुढे त्यांच्या रक्तात डीएनएविरोधी प्रतिपिंडेही सापडली. माद्या नरांपेक्षा कितीतरी महिने आधी मरत होत्या. माणसांमध्येही ल्युपसच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, त्यामुळे हे साम्य दुर्लक्षिण्याजोगे नव्हते. मेलबर्नमध्ये फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी या उंदरांवर बराच काळ काम केले. स्वतःविरुद्धच्या पेशींचे वंश शरीर एरवी नष्ट करते आणि ती व्यवस्था ढासळली की आजार होतो, अशी त्यांची मांडणी होती व तिची कसोटी घेण्यास त्यांना जिवंत प्राणी मिळाला होता. १९६६ मध्ये रसेल, हिक्स आणि बर्नेट यांनी सायक्लोफॉस्फामाइड या औषधाने संकरित उंदरांचा मूत्रपिंडविकार आटोक्यात येतो असे दाखवले. माणसांतील ल्युपसच्या मूत्रपिंडविकारात या औषधाचा उपयोग सिद्ध करणारी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील दीर्घकालीन चाचणी १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधाचे दुष्परिणाम गंभीर आहेत, तरीही त्याने अनेक तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे वाचवली आहेत, हे विसरता येत नाही.

निरोगी दिसणाऱ्या पांढऱ्या उंदराने संकरात काय आणले, हा प्रश्न मात्र तीस वर्षे अनुत्तरित राहिला. १९९० च्या दशकात फ्लोरिडामध्ये लॉरेन्स मोरेल आणि एडवर्ड वेकलँड यांनी या संकरापासून निघालेल्या एका वाणातील रोगकारक जनुकखंड वेगळे केले आणि ते एकेक करून निरोगी उंदरांत उतरवले. पहिल्या गुणसूत्रावरचा खंड एकटा असताना केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे निर्माण करत असे, पण मूत्रपिंड शाबूत राहत असे; इतर खंडांची जोड मिळाली की प्राणघातक दाह होत असे. हा पहिला आणि कळीचा खंड पांढऱ्या वाणाकडून आलेला होता. त्या वाणात तो दबलेला राहत असे, कारण त्याला आवर घालणारी दुसरी जनुकेही त्याच वाणात होती आणि संकरात तो आवर सुटत असे. एखाद्या कुटुंबात एका बहिणीला ल्युपस होतो, दुसरीच्या रक्तात नुसती प्रतिपिंडे सापडतात आणि तिसरीला काहीच होत नाही, असे का घडते याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण प्रथम या उंदरांनी दिले.

स्त्रियांनाच हा आजार इतका का होतो, याचे उत्तर आधी संप्रेरकांत शोधले गेले. १९७८ मध्ये नॉर्मन टलाल यांच्या गटाने दाखवले की संकरित नरांचे वृषण काढले तर ते माद्यांसारखे लवकर मरतात आणि माद्यांना पुरुषी संप्रेरके दिली तर त्या अधिक जगतात. निष्कर्ष स्पष्ट होता, पण त्यातून रुग्णांसाठी मोठा उपचार निघाला नाही. खरा धागा एका विपरीत वाणातून मिळाला. अमेरिकेतील मेन राज्यात, १९२९ मध्ये स्थापन झालेल्या जॅक्सन प्रयोगशाळेत, एडविन मर्फी आणि जॉन रॉथ्स यांनी १९७० च्या दशकात ल्युपससारखा आजार होणारे आणखी वाण वाढवले. त्यांतील ‘बीएक्सएसबी’ या वाणात नर लवकर आणि तीव्रपणे आजारी पडत, माद्या नव्हे. आणि हा दोष वाय गुणसूत्राबरोबर बापाकडून मुलाकडे जात असे. स्त्रियांच्या आजाराचा अभ्यास करणाऱ्यांना हा वाण दीर्घकाळ अपवाद वाटला असेल तर त्यात नवल नाही. २००६ मध्ये त्याचा उलगडा झाला : एक्स गुणसूत्राचा एक तुकडा तुटून वायवर जाऊन बसला होता आणि त्यात विषाणूंचा आरएनए ओळखणारे टीएलआर-७ हे जनुक होते. या नरांमध्ये त्या जनुकाच्या एकाऐवजी दोन प्रती काम करत होत्या.

मग तोच प्रश्न माणसांकडे वळला. स्त्रीच्या पेशीतील दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय केले जाते, पण टीएलआर-७ काही प्रतिकारपेशींत या निष्क्रियतेतून निसटते, हे २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखवले. एक जादा एक्स गुणसूत्र घेऊन जन्मलेल्या पुरुषांमध्ये ल्युपसचे प्रमाण इतर पुरुषांच्या मानाने सुमारे १४ पट असल्याचा अंदाज त्याआधी, २००८ मध्ये, मांडला गेलाच होता. २०२२ मध्ये कॅरोला विनुएसा यांच्या गटाने, लहानपणीच तीव्र ल्युपस झालेल्या एका मुलीच्या टीएलआर-७ जनुकात एका अक्षराचा बदल असल्याचे शोधले. तोच बदल क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने उंदरांत घडवल्यावर उंदरांनाही ल्युपससारखा आजार झाला. नरांना आजारी पाडणाऱ्या वाणाने स्त्रियांच्या आजाराचे एक कारण उघड केले. एखादा वाण माणसासारखा दिसत नाही म्हणून तो बाजूला टाकणे किती महागात पडू शकले असते, हे यावरून कळते.

मर्फी आणि रॉथ्स यांच्याच ‘एमआरएल’ वाणात आपोआप उद्भवलेल्या एका उत्परिवर्तनाची गोष्टही अशीच आहे. या उंदरांच्या लसिकाग्रंथी प्रचंड सुजत. १९९२ मध्ये जपानमध्ये शिगेकाझू नागाता यांच्या गटाने, काम संपलेल्या पेशींना मरण्याचा संदेश देणारे फास हे जनुक त्यांच्यात बिघडलेले असल्याचे दाखवले आणि तीनच वर्षांत, ग्रंथी व प्लीहा सुजलेल्या मुलांच्या एका दुर्मिळ आजारामागेही तेच जनुक असल्याचे सिद्ध झाले. त्या मुलांना ल्युपस नव्हता. उंदीर ल्युपससाठी पाळला गेला आणि उत्तर त्याने वेगळ्याच आजाराचे दिले.

आमवाताचा रस्ता याहून सरळ गेला. उंदरांना दुसऱ्या प्रजातीचे टाइप-२ कोलॅजन, म्हणजे कूर्चेतील मुख्य प्रथिन, टोचून सांध्यांचा दाह घडवण्याची पद्धत १९८० मध्ये प्रसिद्ध झाली. १९९१ मध्ये अथेन्समध्ये जॉर्ज कोलियास यांच्या गटाने मानवी टीएनएफ हे दाहकारक प्रथिन जास्त प्रमाणात बनवणारे उंदीर तयार केले आणि त्यांचे सांधे आपोआप झिजू लागले. पुढच्याच वर्षी लंडनच्या केनेडी संस्थेत रिचर्ड विल्यम्स, मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी कोलॅजनने आजारी पडलेल्या उंदरांचे सांधे टीएनएफविरोधी प्रतिपिंडांनी सुधारतात हे दाखवले. चेअरिंग क्रॉस रुग्णालयात २० रुग्णांवर झालेल्या पहिल्या चाचणीचा अहवाल १९९३ मध्ये आला. आज आमवाताच्या उपचारांत या औषधांचे स्थान पक्के आहे. पण याच टीएनएफबद्दल १९८८ मध्ये जेकब आणि मॅकडेव्हिट यांनी न्यूझीलंडच्या संकरित उंदरांत उलटा अनुभव नोंदवला होता : तिथे टीएनएफ दिल्याने मूत्रपिंडविकार उशिरा सुरू होत होता. पुढे टीएनएफविरोधी औषधे घेणाऱ्या काही आमवाताच्या रुग्णांत डीएनएविरोधी प्रतिपिंडे आणि क्वचित ल्युपससारखी लक्षणेही दिसली. दोन वेगवेगळ्या उंदरांनी दिलेली परस्परविरोधी उत्तरे दोन्ही खरी होती.

उंदराने दिलेली ग्वाही माणसात फसल्याचे सर्वांत कठोर उदाहरण सीडी-४० लिगँड या रेणूचे आहे. त्याला रोखणाऱ्या प्रतिपिंडांनी उंदरांमधील ल्युपस छान आटोक्यात येत होता, म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. परंतु काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्याने त्या थांबवाव्या लागल्या. कारण नंतर कळले. माणसाच्या रक्तबिंबिकांवर, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म कणांवर, प्रतिपिंडांचे शेपूट पकडणारा एक ग्राहक असतो, उंदराच्या बिंबिकांवर तो नसतो. हा मानवी ग्राहक जनुकीय बदलाने उंदरांत आणल्यावर त्यांनाही गुठळ्या झाल्या. त्यामुळे शेपूट काढून टाकलेली औषधे बनवण्याची दिशा मिळाली. हा धोका चाचणीच्या आधी उंदरात दिसणे शक्यच नव्हते, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींच्या बाबतीत उंदीर आणि माणूस यांच्यातले हे जाणे-येणे अजून चालू आहे. बाफ हे बी पेशींना जगवणारे प्रथिन जास्त बनवणाऱ्या उंदरांना ल्युपससारखा आजार होतो हे १९९९ मध्ये कळले आणि त्या प्रथिनाला रोखणाऱ्या बेलिम्युमॅबला २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पन्नासहून अधिक वर्षांत ल्युपससाठी मान्यता मिळालेले ते पहिले नवे औषध होते. २०१९ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथील संशोधकांनी न्यूझीलंडच्या संकरित आणि एमआरएल या दोन्ही वाणांत, बी पेशींचा नायनाट करणाऱ्या सुधारित टी पेशी सोडल्या. प्रतिपिंडे नाहीशी झाली, आयुर्मान वाढले आणि बी पेशी जवळपास वर्षभर परतल्या नाहीत. जर्मनीतील एर्लांगेन येथे याच तत्त्वाने उपचार झालेल्या पहिल्या तरुण रुग्णाची नोंद २०२१ मध्ये आणि पाच रुग्णांची २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. या पाच जणांमध्ये बी पेशी सरासरी ११० दिवसांतच परत आल्या, तरीही आजार परतला नाही. नव्याने आलेल्या पेशी बहुतांशी कोऱ्या, पूर्वीची प्रतिपिंडे न बनवणाऱ्या होत्या. उंदरांत बी पेशी परतल्याच नसल्याने, परतलेल्या पेशी पुन्हा बिघडतात की नाही हे तिथे तपासता आले नव्हते. आजारापासूनची ही सुटका कशी आणि किती काळ टिकते याचा शोध आता रुग्णांच्या पाठपुराव्यातून घेतला जात आहे.