बूटेबल पेनड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टमची पुनर्स्थापना

संगणकावरील बिघडलेली, मंदावलेली किंवा व्हायरसने पोखरलेली ऑपरेटिंग सिस्टम काढून तीच किंवा दुसरी सिस्टम पेनड्राइव्हच्या आधारे नव्याने बसवण्याची प्रक्रिया. दुकानांत आणि कचेऱ्यांत हिला ‘फॉरमॅट मारणे’ किंवा ‘विंडोज टाकणे’ म्हणतात. काम आता पूर्वीइतके किचकट राहिलेले नाही. नुकसान होते ते बहुधा सिस्टम बसवताना नव्हे. आधी काय काढून ठेवायचे राहिले आणि पार्टिशनच्या (डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या) यादीत कशावर क्लिक झाले, यावर ते ठरते.

तत्त्व : ड्राइव्ह ओळखणे, फाइल उघडणे ही कामे एरवी ऑपरेटिंग सिस्टम करते. तीच नसेल तर पेनड्राइव्ह वाचायचा कोणी? हे काम मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेल्या फर्मवेअरकडे येते, आणि त्याला जेवढे कळते तेवढ्याच भाषेत पेनड्राइव्ह लिहावा लागतो. पेनड्राइव्ह ‘बूटेबल’, म्हणजे संगणक ज्यावरून सुरू होईल असा, करण्याचे सगळे नियम यातूनच आले आहेत.

१९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर आलेल्या बायोस या फर्मवेअरला फाइल ही गोष्टच ठाऊक नव्हती. तो डिस्कचा ५१२ बाइटांचा पहिला सेक्टर मेमरीत आणी आणि त्यातल्या कोडवर कारभार सोपवून मोकळा होई. हार्ड डिस्कच्या या सेक्टरमध्ये कोडसाठी ४४६ बाइट, चार पार्टिशनांच्या तक्त्यासाठी ६४ आणि शेवटी ‘५५ एए’ ही दोन बाइटांची खूण, अशी विभागणी असते. या जुन्या एमबीआर पद्धतीत २ टेराबाइटांच्या पलीकडची जागा वापरता येत नाही. म्हणून मोठ्या डिस्कसाठी जीपीटी ही पद्धत आली.

बायोसची जागा घेणारे यूईएफआय फर्मवेअर बरेच शहाणे आहे. त्याला फॅट ही फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडण्याची रीत) वाचता येते. ते पेनड्राइव्हवर ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर, त्यात ‘बूट’ आणि त्यात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ ही फाइल शोधते व सापडली की चालवते. त्यामुळे फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर विंडोजच्या आयएसओमधील (संपूर्ण डिस्कची प्रतिमा असलेल्या एका फाइलमधील) सर्व फाइली साध्या कॉपी केल्या तरी तो बूट होऊ शकतो. मात्र आयएसओ ही एकच फाइल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर टाकून काही होत नाही. नवख्यांची ही नेहमीची चूक, कारण फर्मवेअर त्या फाइलच्या आत डोकावत नाही.

इथे एक अडचण आहे. फॅट३२ मध्ये एका फाइलचा आकार ४ गिगाबाइटांच्या आत असावा लागतो आणि विंडोजची ‘इन्स्टॉल.विम’ ही मुख्य फाइल अलीकडे त्याहून मोठी असते. मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल ती अधिक दाबलेल्या ‘ईएसडी’ स्वरूपात देते. डिझ्म या आज्ञेने तिचे तुकडेही पाडता येतात. रुफस हे साधन तिसरीच युक्ती करते : मुख्य भाग एनटीएफएस या विंडोजच्या दुसऱ्या फाइल सिस्टममध्ये ठेवून शेजारी एक चिमुकले फॅट पार्टिशन बनवते आणि त्यात एनटीएफएस वाचणारा ड्रायव्हर (फर्मवेअरला ती वाचायला मदत करणारे छोटे सॉफ्टवेअर) बसवते.

इतिहास : विंडोज ९५ फ्लॉपींच्या गठ्ठ्यातही मिळत असे, तेरापैकी एक फ्लॉपी खराब निघाली की सगळे अडायचे. सीडीवरून थेट बूट करण्याची ‘एल टोरिटो’ ही रीत फिनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ठरवली आणि पुढची पंधराएक वर्षे सीडी-डीव्हीडीचीच होती. पेनड्राइव्ह २००० मध्ये बाजारात आला, पण त्या वेळच्या ८ मेगाबाइटांत कोणती सिस्टम मावणार? क्षमता वाढली, मग २००७ पासून डीव्हीडी ड्राइव्ह नसलेल्या छोट्या नेटबुकांनी गरजही निर्माण केली. विंडोज ७ (२००९) साठी मायक्रोसॉफ्टने आयएसओ पेनड्राइव्हवर उतरवणारे साधन दिले. पीट बटार्ड यांचे रुफस २०११ मध्ये आले. ते आकाराने लहान, विनामूल्य आणि इन्स्टॉल न करता चालणारे असल्याने दुरुस्तीवाल्यांच्या खिशात कायमचे जाऊन बसले. २०२० मधील व्हेंटॉयने एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवून सुरुवातीला हवा तो निवडण्याची सोय केली.

लिनक्सवाल्यांची वाट थोडी वेगळी. त्यांच्या बहुतेक आयएसओ ‘हायब्रिड’ असतात, म्हणजे सीडी आणि डिस्क दोन्ही म्हणून वाचता येतील अशा रचलेल्या. त्या डीडी आज्ञेने किंवा एचर या साधनाने बाइटनबाइट उतरवता येतात. डीडीला ड्राइव्हचे नाव चुकीचे दिले तर ती विचारत बसत नाही, समोरची डिस्क पुसून टाकते. शिवाय लिनक्सचा असा पेनड्राइव्ह सिस्टम न बसवताच ‘लाइव्ह’ चालतो. बंद पडलेल्या संगणकातला डेटा बाहेर काढायला याइतकी सोयीची वस्तू नाही. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने विकसित केलेली, मराठीसह भारतीय भाषांना आधार देणारी बॉस लिनक्सही अशीच बसवता येते.

पूर्वतयारी : विंडोज १० व ११ साठी किमान ८ गिगाबाइटांचा पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरचे सगळे पुसले जाते. स्वस्तात मिळणाऱ्या ड्राइव्हपैकी काही क्षमता खोटी दाखवतात; अशा ड्राइव्हवर सेटअप अर्ध्यात फाइल सापडत नसल्याची तक्रार करतो आणि दोष आयएसओवर जातो.

मूळ डेटा दुसऱ्या डिस्कवर घेणे हे खरे काम. ‘माझे सगळे डी ड्राइव्हला आहे’ हे वाक्य फसवे असते. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर सहसा सी ड्राइव्हवरच असतात. ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकच्या ई-मेल साठवणाऱ्या पीएसटी फाइली आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा यांकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. शिवाय सी आणि डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे भाग असल्याने ‘डी’वर हलवणे म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या सुरक्षा-सोयीने कुलूपबंद असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून घ्यावी, नाहीतर वाचवायचा डेटा समोर असूनही उघडत नाही.

प्रक्रिया : संगणक चालू करताच बूट मेनूची कळ दाबावी लागते. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक यंत्रांत ती एफ१२, एचपीमध्ये एफ९ असते. कळ वेळेत साधत नसेल आणि जुनी विंडोज अजून चालत असेल, तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट केल्यावर ‘डिव्हाइस वापरा’ हा पर्याय मिळतो. यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ असे लिहिलेली नोंद निवडावी. २०१२ मधील विंडोज ८ पासून नव्या यंत्रांत सिक्युअर बूट आले. ते मान्य स्वाक्षरी नसलेला बूट कोड चालूच देत नाही. उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्स त्यासाठी मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेला ‘शिम’ हा छोटा कोड वापरतात. त्यामुळे ऊठसूट सिक्युअर बूट बंद करण्याचा सल्ला आता कालबाह्य झाला आहे.

पुढे पेनड्राइव्हवरील एक छोटी विंडोज मेमरीत चढते. तिला सी-डीची ओळख आपल्यासारखी नसते. ती स्वतःला एक्स ड्राइव्ह म्हणवते आणि बाकीच्यांना अक्षरे आपल्या मनाने वाटते. म्हणून पार्टिशनच्या यादीत अक्षरावर नव्हे, आकारावर विश्वास ठेवावा. त्या यादीत खुद्द पेनड्राइव्हही दिसतो. जादा डिस्क जोडलेल्या असतील तर केबल काढून ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय. जुने पार्टिशन फॉरमॅट न करता त्याच्यावरच विंडोज बसवली, तर आधीच्या फाइली ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये जातात आणि कित्येकांचा जीव त्यामुळे वाचला आहे. एसएसडी मात्र एकदा फॉरमॅट झाली की ट्रिम या, पुसलेली जागा आतून रिकामी करणाऱ्या सोयीमुळे डेटा परत मिळण्याची आशा जवळपास सोडावी लागते.

कधी यादी चक्क रिकामी येते. ११ व्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपांवर हे घडते. डिस्क मेलेली नसते. ती व्हीएमडी नावाच्या नियंत्रकामागे असते आणि सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेऊन पेनड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवावा.

विस्टापासून विंडोजची एक तयार प्रतिमा डिस्कवर उलगडली जाते. एक्सपीप्रमाणे एकेक फाइल कॉपी होत नाही. पहिल्या रीस्टार्टला पेनड्राइव्हवरूनच पुन्हा बूट झाले तर सेटअप मूळपदावर येतो. पेनड्राइव्ह काढून घेतला की गाडी पुढे सरकते.

परवाना व सुरक्षितता : विंडोज ८ पासून ब्रँडेड यंत्रांची की फर्मवेअरमध्येच नोंदलेली असते. तीच आवृत्ती पुन्हा बसवली तर सेटअप ती आपणहून उचलतो आणि इंटरनेट मिळताच परवाना सक्रिय होतो. होम आवृत्ती असलेल्या यंत्रावर प्रो आवृत्ती बसवली की हे जमत नाही, मग क्रॅक शोधला जातो. अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा ‘ॲक्टिव्हेटर’ चालवणे म्हणजे ज्या रोगासाठी फॉरमॅट मारला तोच पहिल्या दिवशी घरात घेणे. अनोळखी ठिकाणची, आधीच ‘हलकी’ केलेली आयएसओही त्याच पंगतीतली. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागत असल्याने अनेक धडधाकट जुनी यंत्रे अडली. रुफसने ही अट वगळता येते, पण अशा यंत्राला पुढील अद्ययावतांची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

बसवल्यानंतर : वाय-फायचा ड्रायव्हर नसेल तर बाकीचे ड्रायव्हर उतरवायलाही इंटरनेट नसते, मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला दिल्यास (टेदरिंग) हा पेच सुटतो. मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक धक्का बसतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेली जुनी पत्रे फॉन्ट गेल्यावर रोमन अक्षरांच्या चुरगाळ्यासारखी दिसतात. मजकूर शाबूत असतो. तोच फॉन्ट परत टाकला की वाचता येतो. म्हणून बॅकअप घेताना विंडोजमधील फॉन्ट्स फोल्डरही उचलावा. विंडोज १० व ११ च्या इंग्रजी मांडणीत मंगल हा फॉन्टदेखील आपोआप येत नाही. सेटिंग्जमधून मराठी भाषा जोडली किंवा ऐच्छिक सुविधांतून देवनागरी पूरक फॉन्ट निवडले की मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे एकत्र उतरतात.