टेंट ओला आहे? ओलाच भरा!
गुहागर ते गणपतीपुळे या दिवसासाठी, आमच्या सायकल सहलींना येणाऱ्यांसाठी

जवळजवळ प्रत्येक सहलीत हा प्रश्न येतो : "सव्वासहाला बॅगा टेम्पोत कशाला? जरा ऊन येऊ द्या, टेंट वाळवून निघू." घरून निघण्याआधी हे वाचून या, म्हणजे सकाळी सगळ्यांचाच वेळ वाचेल.

गुहागरला ऊन लवकर येतच नाही. समुद्र पश्चिमेला, पूर्वेला सुरूची झाडं, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यामागे डोंगर. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण मुक्कामाच्या जागेवर ऊन उतरेपर्यंत साडेआठ होतात. फ्लाय, म्हणजे टेंटवरचं बाहेरचं कापड, वाळायला त्यापुढे अर्धा तास. नारळाखाली टेंट लावला तर दव कमी पडेल, हे खरं आहे. पण तिथे आम्ही कुणालाच टेंट लावू देत नाही. नारळ किंवा झावळी वरून आली, तर कापड काय अडवणार? मोकळ्यावर झोपायचं म्हणजे दव आलंच.

फ्लायच्या आतल्या बाजूचं पाणी मात्र बहुतेक आपल्याच श्वासाचं असतं. रात्री वरच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा, ते बरंच कमी होतं.

सकाळी क्रम असा ठेवा. टेंटमध्ये बसूनच स्लीपिंग बॅग, मॅट आणि कपडे भरा, बॅग बाहेर काढा. मग फ्लाय सोडा, दोघांनी टोकं धरून चार-पाच वेळा जोरात झटका, जुन्या पंचाने एकदा पुसा आणि वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंबा. घडी घालत बसू नका. फ्लाय आतल्या टेंटबरोबर गुंडाळली की कोरडा टेंटही भिजतो, आणि पुढची रात्र ओलीत जाते. आतला टेंट काढताना पोल ओढू नका, ढकला. ओढला की बाहीच्या आत जोड सुटतो, कापडात अडकतो आणि अंधारात दहा मिनिटं तिथेच जातात. पोलची घडी मधल्या जोडापासून घाला, आतल्या इलास्टिकला सारखा ताण बसतो. शेवटी खुंट्या मोजा. आमच्या टेंटच्या 10 आहेत. नवख्या जोडीलाही एवढ्याला वीस मिनिटं पुरतात.

टेम्पो सव्वासहालाच का भरतो? वाटेतल्या हेदवीचा नाश्ता, पंप, जास्तीच्या ट्यूब आणि औषधपेटी त्यातच असते. एक बॅग राहिली की टेम्पो थांबतो, आणि टेम्पो थांबला की सगळेच थांबतात. "आम्ही पुढे जातो, टेम्पो येईल मागून" हेही चालत नाही. चढावर चेन तुटली तर मदत कुठून आणायची?

पावणेसातला निघालं की हेदवीला खाऊन साडेदहापर्यंत तवसाळ जेटी गाठता येते. तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडली की जयगडपासून चढ, आणि वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, म्हणजे पठार. सावली जवळजवळ नाही. सकाळचा एक तास गेला आणि त्यात बोटीची एक फेरी हुकली, की तोच चढ बारा-एकच्या उन्हात चढावा लागतो. दिवसाचं अंतर साठेकच किलोमीटर आहे. माणूस थकतो तो उन्हाने. तासाला पाऊण लिटर पाणी धरा, बाटल्या दोन हव्यात.

रात्री झोपण्याआधी दिवसाची छोटी पिशवी सायकलला लावून ठेवा : एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर काढायच्या पट्ट्या), ओआरएस, चिक्की, हेडलाइट. सकाळी या वस्तू शोधण्यातही बराच वेळ जातो.

फ्लाय गणपतीपुळ्याला वाळते. पोचल्याबरोबर, आंघोळीच्या आधी, दोरीवर टाका. दुपारच्या उन्हात चहा होईपर्यंत कोरडी होते. दोऱ्या आणि चिमटे आम्ही आणतो.

स्वतःचा टेंट नसेल किंवा तो एकाच कापडाचा असेल, तर आमचा दोन कापडांचा, दोघांचा टेंट भाड्याने घ्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो लावायला आणि भरायला आम्ही शिकवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. नोंदणी करतानाच सांगा, टेंट मोजकेच आहेत.