डोक्याला मुका मार लागल्यानंतर रेंगाळणारा त्रास
(आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

गाडी घसरते, जिन्यावरून पाय सटकतो, कबड्डीत डोके आपटते. दवाखान्यात सीटी स्कॅन होतो, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. तीन आठवडे उलटले तरी डोके ठणकतच असते. चक्कर येते, उजेड सोसत नाही, कुकरची शिट्टीही नकोशी होते, बोलता बोलता शब्द सापडत नाही. मग कोणीतरी म्हणतेच, "रिपोर्टमध्ये तर काही नाही, उगाच बाऊ करतोय."

बाऊ नाही. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाडाचा तडा दिसतो. कन्कशनमध्ये, म्हणजे माराने मेंदूला हादरा बसतो तेव्हा, बिघडते ते मेंदूच्या पेशींचे कामकाज, आणि ते त्या फिल्मवर उमटत नाही. बहुतेक मोठी माणसे साधारण दोन आठवड्यांत बरी होतात, मुलांना महिनाभर लागू शकतो. काहींचा त्रास त्याहून लांबतो. हे पत्रक त्यांच्यासाठी आहे.

आमच्याकडे नव्हे, आधी रुग्णालयात

डोकेदुखी वाढतच चालली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, झटका (फिट) आला, बोलणे अडखळू लागले, हात-पाय लुळा पडला, माणूस गुंगीत जाऊ लागला किंवा नाका-कानातून पाण्यासारखा स्राव आला, तर आमची अपॉइंटमेंट राहू द्या. 108 ला फोन करा, सिव्हिल किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. घरात वयस्कर माणूस असेल किंवा कोणाला रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर जास्तच सावध राहा. त्यांच्या डोक्यात हळूहळू साचलेले रक्त काही आठवड्यांनीही त्रास देऊ शकते.

किती आराम करायचा?

पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्या आणि मोबाइल कमीत कमी वापरा. त्यानंतर मात्र अंधाऱ्या खोलीत पडून राहू नका. प्रेमापोटी घरचे रुग्णाला आठवडेच्या आठवडे उठू देत नाहीत, पण त्याने बरे होणे लांबते, हे आता जगभरातले तज्ज्ञ मान्य करतात. हलके चालणे हाच उपचाराचा भाग आहे.

मोजायचे असे. चालण्याआधी त्रासाला 0 ते 10 पैकी गुण द्या. समजा 3 आहे. चालताना तो 5 पर्यंत गेला आणि तासाभरात खाली आला, तर चालेल. त्याहून वाढला किंवा तास उलटूनही उतरला नाही, तर त्या दिवशी तिथेच थांबा आणि पुढच्या वेळी कमी चाला. सुरुवातीला सिद्धेश्वर तलावाच्या काठी दहा-पंधरा मिनिटांची फेरीही पुष्कळ झाली. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी लवकर जा. आपल्याकडचे ऊन धडधाकट माणसाचेही डोके उठवते.

एक दिवस बरे वाटले की लोक साठलेली सगळी कामे काढतात, विशेषतः पाणी येण्याच्या दिवशी. घागरी भरणे, वाकणे, जिने चढणे, आणि मग पुढचे दोन दिवस अंथरुणात. बऱ्या दिवशीही ठरल्याइतकेच करा.

चक्कर आणि मान

अंथरुणात कूस बदलली की काही सेकंद खोली गरगर फिरते का? माराने आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून सरकलेले असू शकतात. डोके ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागी नेता येतात आणि पुष्कळांना एक-दोन वेळांतच फरक पडतो. ही चक्कर विनाकारण महिनोन्‌महिने अंगावर काढलेली पाहिली की आम्हाला फार वाईट वाटते.

डोक्याला बसलेला धक्का मानेलाही बसतो. पुष्कळदा डोके दुखते ते मानेमुळे. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या किंवा शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायकांना हे लवकर जाणवते. दर अर्ध्या तासाने उठा, मान सैल करा.

काम, शाळा, आवाज

यंत्रमागावर लगेच पूर्ण पाळी नको. जमल्यास मालकांशी बोलून आधी टॉवेलच्या घड्या घालणे, पॅकिंग अशी कामे अर्धा दिवस घ्या. चक्कर येत असेपर्यंत चालत्या मागाजवळ जाऊ नका, दुचाकी चालवू नका. मागाच्या खडखडाटात कानात बोळे हवेतच. घरात मात्र दिवसभर बोळे किंवा काळा चष्मा नको, त्याने कान-डोळे आणखी नाजूक होतात. मिरवणुकीतल्या डीजेपासून यंदा लांबच राहा.

मुलांची आधी शाळा, मग मैदान. शाळा पूर्ववत झाल्यावर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच खेळ. बरे होण्याआधी डोक्याला दुसरा मार लागणे फार धोक्याचे असते.

झोप, गोळ्या, चिडचिड

रोज एकाच वेळी उठा. संध्याकाळनंतर चहा टाळा, दारू तर नकोच. डोकेदुखीची साधी गोळीही महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस घेत राहिलात, तर त्या गोळीनेच डोके दुखू लागते. मेडिकलमधून परस्पर आणत असाल तर डॉक्टरांना सांगा.

चिडचिड, रडू येणे, उदास वाटणे हाही याच दुखण्याचा भाग आहे. घरच्यांनो, त्या माणसाला 'मन घट्ट कर' म्हणण्यापेक्षा टीव्हीचा आवाज कमी करा आणि त्याच्यासोबत चालायला जा. उदासी हटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा नाही.

आमच्याकडे येताना

आम्ही मान, तोल आणि नजर तपासतो, व्यायाम शिकवतो आणि चालण्याचे वेळापत्रक ठरवून देतो. औषधे देत नाही. डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅनची फिल्म आणि चालू गोळ्या आणा. आठवडाभराचा त्रास वहीत लिहून आणलात तर तपासणी नेमकी होते. सोबत कोणालातरी घेऊन या आणि ट्यूबलाइटचा उजेड सोसत नसेल तर आल्या आल्या सांगा, आम्ही दिवे मंद करू.