फेल्प्स मोठा की बोल्ट? वादामागची शंभर वर्षं

३१ जुलै २०१२. लंडनच्या तरणतलावात ४ बाय २०० मीटर फ्रीस्टाइल रिले संपली आणि मायकेल फेल्प्सच्या खात्यात एकोणिसावं ऑलिम्पिक पदक जमा झालं. सोव्हिएत जिम्नॅस्ट लारिसा लॅटिनिना यांचा अठरा पदकांचा विक्रम १९६४पासून कुणाला गाठता आला नव्हता, तो मोडला. सत्याहत्तर वर्षांच्या लॅटिनिना स्वतः प्रेक्षकांत बसून ते बघत होत्या. आकड्यांनी निकाल लागणार असता तर वाद तिथेच मिटला असता. पण संयोजन समितीचे अध्यक्ष सेबॅस्टियन को यांना विचारणा झाली, तेव्हा त्यांनी मोठ्या खुबीने वाट काढली. सर्वात यशस्वी तर तो आहेच. सर्वात महान आहे का, याची आपल्याला खात्री नाही, अशा आशयाचं ते बोलले. को हे १५०० मीटरचे दोन वेळचे सुवर्णविजेते, म्हणजे ट्रॅकवरचा माणूस पोहणाऱ्याबद्दल बोलत होता, हेही लक्षात ठेवायला हवं.

नऊ दिवसांनी दुसरा अंक झाला. उसेन बोल्टने बीजिंगपाठोपाठ लंडनमध्येही १०० आणि २०० मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या आणि पत्रकारांसमोर बसून आपण आता ‘लेजंड’ झालो, असं स्वतःच जाहीर करून टाकलं. त्याआधी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष जॅक रोग म्हणाले होते की, बोल्ट अजून तिथवर पोचलेला नाही. अमेरिकी धावपटू कार्ल लुईससारखी तीन-चार ऑलिम्पिकं गाजवू दे, मग बघू. बोल्टला ते चांगलंच झोंबलं. पुढे रोग यांनी ‘सध्या खेळत असलेला लेजंड’ अशा अर्थाचा तडजोडीचा शब्द काढला. समितीच्या अध्यक्षाला असा शब्दच्छल करावा लागतो, यावरून हे दुखणं किती जुनं असेल याची कल्पना यावी.

या वादात माणसं बदलत राहतात. भांडण मात्र खरं तर मोजपट्टीचं असतं. आणि ती पट्टी खेळाडू मैदानात उतरण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी ठरवून ठेवलेली असते.

आधुनिक ऑलिम्पिकमधली पहिली पट्टी होती अष्टपैलूपणाची. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या जिम थॉर्पने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्ही जिंकलं. बक्षीस देताना स्वीडनचा राजा पाचवा गुस्ताव्ह ‘महाशय, तुम्ही जगातले सर्वश्रेष्ठ अ‍ॅथलीट आहात’ असं म्हणाला, असं सांगतात. त्यावर थॉर्प नुसतं ‘थँक्स, किंग’ म्हणाला, ही पुस्ती बहुधा मागाहून जोडलेली. राजाचं वाक्य मात्र टिकलं. धावणं, उडी, फेक अशा दहा प्रकारांत कस लागणाऱ्या डेकॅथलॉनच्या विजेत्याला आजही जगातला सर्वश्रेष्ठ अ‍ॅथलीट म्हणतात, ते तेव्हापासून.

थॉर्पचं पुढे काय झालं ते बघितलं की पदकं मोजण्यावरचा विश्वास डळमळतो. तो मूळ अमेरिकी, सॅक अँड फॉक्स जमातीचा. १९०९ आणि १९१० साली त्याने किरकोळ पैशांसाठी बेसबॉल खेळलं होतं. तेवढ्यावरून तो ‘हौशी’, म्हणजे पैशांसाठी न खेळणारा, ठरत नाही, असं म्हणत १९१३मध्ये त्याची दोन्ही सुवर्णं काढून घेतली. हौशीपणाचा हा नियम मुळात घरचं खाऊनपिऊन सुखी असलेल्यांच्या सोयीचा होता, असं माझं मत. १९५३मध्ये थॉर्प वारला. १९८२मध्ये समितीने त्याला ‘सहविजेता’ म्हणून परत घेतलं आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव लागायला २०२२ साल उजाडावं लागलं. १९१३ ते १९८२ या काळात नोंदवही उघडणाऱ्याला थॉर्पच्या नावापुढे एकही सुवर्ण दिसलं नसतं. तरीही १९५०मध्ये असोसिएटेड प्रेसने घेतलेल्या कौलात शतकाच्या पहिल्या अर्ध्याचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून निवड झाली ती त्याचीच.

दुसरी पट्टी, पदकांच्या संख्येची, रूढ व्हायला फिनलंडचा पाव्हो नुर्मी बराचसा कारणीभूत आहे. १० जुलै १९२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने १५०० मीटरची अंतिम शर्यत जिंकली आणि दोन तासांच्या आत ५००० मीटरचीही. त्या एका ऑलिम्पिकमध्ये पाच सुवर्णं, एकूण कारकिर्दीत नऊ सुवर्ण आणि तीन रौप्य. एवढं असूनही आकडा अपुराच आहे. १०,००० मीटरसाठी त्याचं नाव फिनलंडच्याच अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं. ती शर्यत त्याचा देशबांधव विले रिटोला जिंकला. १९३२मध्ये तर पैसे घेतल्याच्या आरोपावरून नुर्मीला लॉस एंजेलिसमध्ये पळूच दिलं नाही.

बायकांच्या बाबतीत तर पट्टीच आखूड होती. फॅनी ब्लँकर्स-कोएन ही डच धावपटू १९४८च्या लंडन ऑलिम्पिकला आली तेव्हा तीस वर्षांची, दोन मुलांची आई होती. १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळा आणि रिले अशी चार सुवर्णं तिने नेली. उंच उडी आणि लांब उडीचे जागतिक विक्रमही तेव्हा तिच्याच नावावर होते, पण स्त्रियांना तीनच वैयक्तिक प्रकारांत उतरता येईल असा नियम होता. तिच्या गैरहजेरीत उंच उडीचं सुवर्ण १.६८ मीटरवर गेलं. तिचा विक्रम होता १.७१. वयाच्या बाविसाव्या ते तिसाव्या वर्षांतली दोन ऑलिम्पिकं महायुद्धाने खाल्ली, ती वेगळीच. चार हा आकडा ऐकताना हे सगळं कुठे दिसतं?

चार वर्षांनी हेलसिंकीत ज्योत पेटवायला नुर्मीलाच बोलावलं होतं. तिथे चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने १०,००० मीटर, ५००० मीटर आणि आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन एकाच आठवड्यात जिंकली. एकाच ऑलिम्पिकमध्ये या तिन्ही शर्यती त्याच्यानंतर कुणाला जमलेल्या नाहीत. त्याच आठवड्यात, २३ जुलै १९५२ रोजी, साताऱ्याच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक घेत होते. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. लाल मातीत घडलेल्या या मल्लाला मॅटची कुस्ती १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्येच पहिल्यांदा नीट भेटली, तरी तिथे सहावा क्रमांक मिळाला. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं ते थेट २०२४मध्ये, नेमबाज स्वप्नील कुसाळेला. तेही कांस्यच. आपल्याकडे पारावर ‘सगळ्यात मोठा कोण’ हा विषय निघतो तेव्हा खाशाबांसारखा एका कांस्याचा मालक या यादीत हक्काने येऊन बसतो आणि कुणालाही त्यात काही खटकत नाही.

शीतयुद्धात लॅटिनिनांची अठरा पदकं आली, १९७२मध्ये अमेरिकी जलतरणपटू मार्क स्पिट्झची म्युनिकमधली सात सुवर्णं आली आणि संख्येची पट्टी पक्की झाली. मधे १९६८मध्ये मेक्सिको सिटीत बॉब बीमनने एकाच उडीत लांब उडीचा विक्रम ५५ सेंटीमीटरने पुढे नेला. ८.९० मीटर. मोजणीचं यंत्र तिथवर पोचेना, म्हणून साधी टेप आणावी लागली. बीमनच्या नावावर ऑलिम्पिकचं एवढंच एक पदक, पण क्षणाची उंची मोजणाऱ्यांना तेवढं पुरतं.

मग फेल्प्स. २८ पदकं, त्यात २३ सुवर्णं. त्यांपैकी दहा रिलेची, तेरा वैयक्तिक. या तेराचीही एक गंमत आहे. २०१६मध्ये रिओत तेरावं मिळेपर्यंत वैयक्तिक विजयांचा जो विक्रम सांगितला जात होता, तो ऱ्होड्सच्या लिओनिडासचा, इसवी सनपूर्व १६४ ते १५२ या काळातल्या चार ऑलिम्पिकमधल्या बारा विजयांचा. त्यात चिलखत-ढाल घेऊन पळायची शर्यतही होती. प्राचीन ग्रीकही मोजत होते, फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला त्यांच्याकडे काहीच मिळत नसे.

फेल्प्सच्या विरोधकांचा मुद्दा ठरलेला असतो: तलावात एकच माणूस वेगवेगळ्या अंतरांत, वेगवेगळ्या प्रकारांनी पोहून आठवडाभरात आठ पदकं लुटू शकतो, धावणाऱ्याला उलटं पळायची शर्यत कोण ठेवतं? टोमणा सोपा आहे. पण पोहण्याच्या चारही प्रकारांत एकाच शरीराने तयार होणं किती अवघड, हे त्यात दडपलं जातं. दुसऱ्या बाजूला बोल्टची तीन ऑलिम्पिकमधली नऊ सुवर्णं. ती जानेवारी २०१७मध्ये आठ झाली, कारण २००८च्या रिलेतला त्याचा साथीदार नेस्टा कार्टर उत्तेजक द्रव्याच्या फेरतपासणीत सापडला. बोल्ट तेव्हा घरी बसला होता आणि त्याची थोरवी मात्र कागदावर एकाने घटली.

‘गोट’, म्हणजे ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ची इंग्रजी आद्याक्षरं, हा शब्द या भांडणात अलीकडे आला; इंग्रजीत ‘गोट’ म्हणजे शेळीही. त्याचं मूळ मुहम्मद अलींच्या ‘मीच सर्वश्रेष्ठ’ या गर्जनेत; १९९२मध्ये त्यांच्या पत्नी लॉनी अली यांनी याच आद्याक्षरांची कंपनी नोंदवली. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने ऑल-अराउंड सुवर्ण जिंकल्यावर गळ्यात चक्क शेळीचं लॉकेट घातलं होतं. आपल्याकडे बकरा होणं म्हणजे भलतंच काही, म्हणून मराठीत हा शब्द जरा अवघडल्यासारखाच वावरतो.

त्याच पॅरिसमध्ये ६ ऑगस्ट २०२४ रोजी क्युबाचा ग्रीको-रोमन मल्ल मिहाइन लोपेझ १३० किलो गटाची अंतिम लढत खेळला, एक्केचाळिसाव्या वर्षी. या प्रकारात कमरेखाली पकड चालत नाही आणि मल्लाला एका ऑलिम्पिकमध्ये एकच पदक मिळू शकतं, कितीही मोठा असला तरी. समोर होता चिलीचा यास्मानी अकोस्टा. हाही मूळचा क्युबाचाच; लोपेझ असेपर्यंत संघात जागा मिळणार नाही, म्हणून देश सोडून गेलेला. लोपेझ जिंकला. बीजिंगपासून धरलेलं हे सलग पाचवं सुवर्ण. एकाच वैयक्तिक प्रकारात असं करणारा तो पहिलाच. रिओत फेल्प्सला पाच सुवर्णांसाठी ७ ते १३ ऑगस्ट असा एक आठवडा पुरला होता. लोपेझला सोळा वर्षं लागली. लढत संपल्यावर तो मॅटच्या मध्यभागी बसला, बूट काढले आणि तिथेच ठेवून अनवाणी निघून गेला.