‘पारधी म्हणजे जन्मजात शिकारी’: हे खरं नाही

पारध्याचं पोर शिकणार नाही, शेवटी जंगलात फासेच लावणार, असं अजूनही सर्रास बोललं जातं. हा समज जितका जुना, तितकाच खोटा आहे.

फासे लावून तितर-लाव्हे धरणं हा फासेपारध्यांचा परंपरागत धंदा. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यान्वये पुढे अनेक जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला, पारधीही त्यात आले. तो कायदा 1952 साली रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. मग 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ते योग्यच होतं. पण पोट भरायला दुसरं काय, हे कोणी विचारलं नाही. काही पारधी वाघांच्या शिकारीत सापडले, हेही नाकारायचं कारण नाही. मात्र त्याचं कारण रक्त नव्हतं, परिस्थिती होती: जमीन नव्हती, दाखले नव्हते, शाळा नव्हती.

मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पात 2009 साली एकही वाघ उरला नव्हता. बाहेरून वाघ आणले गेले, आणि पारधी मुलांसाठी वसतिगृहंही चालवली गेली. त्याच समाजातले काही तरुण आज तिथे पर्यटकांना जंगल वाचायला शिकवतात: पावलांचे ठसे, पाखरांचे हुबेहूब आवाज. हे ज्ञान पिढ्यान् पिढ्यांचं आहे, फक्त कामाला वेगळं लागलंय.

आपल्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसले यांनी ‘प्रश्नचिन्ह’ शाळा काढली. ते स्वतः फासेपारधी आहेत.